पर्प्युराइट तुमसरच्या खाणीत का सापडत नाही

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर भागातले आहेत. त्यांच्या घरी कुणीतरी प्रदर्शनातून गडद जांभळा दगड आणला. सोबतच्या चिठ्ठीवर ‘पर्प्युराइट, नामिबिया, मँगनीज फॉस्फेट’ असं लिहिलंय. त्यांना विचारायचंय की हा रंग खरा की चढवलेला? या खनिजाचे गुणधर्म काय? आणि चिखला, डोंगरी बुजुर्गच्या खाणींत इतकं मँगनीज निघतं, धातुकाच्या, म्हणजे खाणीतल्या कच्च्या खनिजाच्या, तपासणी अहवालात फॉस्फरसचाही आकडा असतो, तर मग हे खनिज आपल्याकडे का निघत नाही?

आधी सरळ उत्तरं देतो. रंग खरा असतो, पण बहुतेक वेळा ॲसिडने ‘उघडा’ केलेला असतो. चिठ्ठीवरचं नाव काटेकोरपणे पाहिलं तर बरेचदा चुकीचं निघतं, मात्र त्यात विक्रेत्याची लबाडी असतेच असं नाही. आणि तुमसरला हे खनिज निघणार नाही, कारण मँगनीज आणि फॉस्फरस एका खडकात असून भागत नाही. लिथियम लागतं, आणि कॅल्शियम जवळपास नसावं लागतं. बाकीचं सगळं उत्तर या शेवटच्या वाक्याचं स्पष्टीकरण आहे.

पर्प्युराइट शिलारसातून, म्हणजे वितळलेल्या खडकातून, थेट स्फटिकून येत नाही, ते मागाहून घडतं. मूळ खनिज असतं लिथियोफिलाइट, म्हणजे लिथियम आणि मँगनीज यांचं फॉस्फेट. मँगनीजच्या जागी लोह असलं की त्यालाच ट्रायफिलाइट म्हणतात. निसर्गात या दोघांच्या मधली सगळी मिश्रणं मिळतात, निव्वळ एक टोक क्वचितच. ट्रायफिलाइट ताजं असताना निळसर-करडं किंवा हिरवट-करडं दिसतं. लिथियोफिलाइट मधासारखं पिवळट ते लवंगी तपकिरी, कधी फिकट गुलाबी असतं. दोन्हींची रचना ऑलिव्हिनच्या धाटणीची आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये जे हिरवट ऑलिव्हिन दिसतं, त्याच्यात सिलिकेटचे चौफलक असतात, इथे फॉस्फेटचे. या सांगाड्यात अष्टफलकी, म्हणजे सहा ऑक्सिजन अणूंनी वेढलेल्या, जागा दोन प्रकारच्या. एकीत लिथियम बसतं, दुसरीत लोह किंवा मँगनीज.

आता हा दगड जमिनीच्या वरच्या भागात आला, भेगांतून पाणी आणि हवा पोचली, की ऑक्सिडीकरण सुरू होतं. लोह आणि मँगनीज द्विसंयुजी असतात ते त्रिसंयुजी होतात. त्यांच्यावरचा धन भार एकाने वाढला, तर भाराचा हिशोब जुळवायला काहीतरी बाहेर पडायला हवं. बाहेर पडतं ते लिथियम. ते आकाराने लहान, एकभारी, आणि रचनेतल्या बोगद्यासारख्या पोकळीतून सरकू शकणारं. भाडेकरू घर सोडून गेला तरी भिंती उभ्या राहाव्यात तसा फॉस्फेटचा सांगाडा जागच्या जागी राहतो. म्हणून पर्प्युराइटमध्ये मूळ खनिजाचं पाटन, म्हणजे ठरावीक सपाट प्रतलांवर फुटण्याची खोड, तशीच दिसते. नवीन स्फटिक वाढलेला नसतो, जुन्याचाच स्वभाव पालटलेला असतो.

हा बदल एका दमात होत नाही. अगोदर लोहाचं ऑक्सिडीकरण होतं, तेवढ्यापुरतं लिथियम निघून जातं, आणि मधल्या टप्प्यावर तपकिरी खनिजं तयार होतात. लोह जास्त असेल तर फेरीसिकलराइट, मँगनीज जास्त असेल तर सिकलराइट. त्यानंतर परिस्थिती आणखी ऑक्सिडीकारक झाली तरच मँगनीज त्रिसंयुजी होतं, उरलंसुरलं लिथियमही जातं, आणि जांभळा रंग उमटतो. लोहप्रधान टोकाला हेटेरोसाइट आणि मँगनीजप्रधान टोकाला पर्प्युराइट. या क्रमाला खनिजशास्त्रात क्वेन्सेल–मेसन क्रम म्हणतात. पर्सी क्वेन्सेल यांनी स्वीडनमधल्या वारुट्रेस्क इथल्या पेग्माटाइटवर, म्हणजे ग्रॅनाइटच्या शिलारसातून बनलेल्या जाड्याभरड्या स्फटिकांच्या खडकावर, १९३० च्या दशकात काम केलं आणि ब्रायन मेसन यांनी १९४१ मध्ये ते पुढे नेलं. पेग्माटाइटमधल्या फॉस्फेट गाठीचा चांगला काप मिळाला तर हे टप्पे एकाच हातनमुन्यात दिसतात. गाभ्यात करडं-हिरवट ट्रायफिलाइट, त्याभोवती तपकिरी पट्टा, त्याबाहेर जांभळा, आणि सर्वांत बाहेर मँगनीज ऑक्साइडची काळी साल.

रंगाबद्दल. द्विसंयुजी मँगनीजची खनिजं साधारण गुलाबी असतात, ऱ्होडोनाइट आणि ऱ्होडोक्रोसाइट ही नेहमीची उदाहरणं. चतुःसंयुजी झालं की काळं, म्हणजे तुमच्या रोजच्या ओळखीचं पायरोल्युसाइट. या दोहोंच्या मधलं त्रिसंयुजी मँगनीज फॉस्फेटच्या सहवासात जांभळं दिसतं. चित्रकारांच्या रंगांत ‘मँगनीज व्हायोलेट’ नावाचा रंग मिळतो, लिपस्टिक आणि आयशॅडोतही तो वापरतात. तोसुद्धा त्रिसंयुजी मँगनीज आणि फॉस्फेट यांचंच संयुग, फक्त कारखान्यात बनवलेलं आणि सोबत अमोनियम असलेलं. जर्मनीत १८६८ पासून तो तयार होऊ लागला. तेव्हा ‘इतका भडक रंग नैसर्गिक कसा असेल’ ही शंका रास्त असली, तरी उत्तर रसायनशास्त्रातच आहे.

मोजता येणारे गुणधर्म असे. शुद्ध पर्प्युराइटमध्ये मँगनीज वजनाने सुमारे ३६.६ टक्के येतं. स्फटिक समचतुर्भुजी, म्हणजे तीन असमान अक्ष एकमेकांना काटकोनात असलेले. कठिनता ४ ते ४.५, म्हणजे चाकूने ओरखडा उठतो. विशिष्ट गुरुत्व (वि. गु.), म्हणजे पाण्याच्या तुलनेतला जडपणा, ३.३ च्या आसपास. चमक फुटलेल्या ताज्या पृष्ठावर साटिनसारखी, जुन्या पृष्ठावर मंद, मातकट. अपारदर्शक, पातळ कडेवरच काय तो प्रकाश आरपार जातो. कस, म्हणजे खरबरीत पांढऱ्या पाटीवर उठणारी रेघ, लालसर जांभळा. एका दिशेचं पाटन चांगलं, दुसऱ्याचं अर्धवट. ठिसूळ. हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये सहज विरघळतं. सुटे, सुबक स्फटिक जवळजवळ मिळतच नाहीत, ढेकळं आणि गाठीच मिळतात. अंगठीत किंवा पेंडंटमध्ये बसवायला हा दगड निकामी आहे. कठिनताही कमी आणि पाटनही चांगलं, त्यामुळे तो झिजतो आणि कडा उडतात.

नावाचा घोळ इथूनच सुरू होतो. हेटेरोसाइट १८२०च्या दशकात फ्रान्समधल्या ओत-व्हिएन भागातून वर्णिलं गेलं. पर्प्युराइट बरंच नंतर, १९०५ मध्ये, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या किंग्ज माउंटनजवळच्या फेअर्स कथिल खाणीतून ग्रॅटन आणि शॅलर यांनी वर्णिलं. दोन्ही एकाच मालिकेची दोन टोकं. लोहापेक्षा मँगनीजचे अणू जास्त असतील तरच पर्प्युराइट, नाहीतर हेटेरोसाइट. डोळ्यांनी हा फरक कळत नाही, कारण लोह जास्त असलेलं हेटेरोसाइटही थोड्याशा त्रिसंयुजी मँगनीजमुळे चांगलं जांभळं दिसतं. क्ष-किरण विवर्तनातही, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासली तरी, दोघांची रचना सारखीच येते, म्हणून तेवढ्यावर निवाडा होत नाही. इलेक्ट्रॉन प्रोबवर, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर, लोह आणि मँगनीज यांचं गुणोत्तर काढावं लागतं. त्या यंत्राला पुन्हा लिथियम दिसत नाही, ते फार हलकं पडतं. दगड पूर्ण बदललाय की सिकलराइटच्या टप्प्यावर अडकलाय हे ठरवायला नमुना विरघळवून आयसीपी या द्रावणातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर लिथियम तपासतात. बाजारात ‘पर्प्युराइट’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं असं तपासलं की हेटेरोसाइट निघतं. नाव आकर्षक आहे, म्हणून ते टिकून आहे. माझं मत विचाराल तर घरच्या संग्रहासाठी चिठ्ठीवर ‘हेटेरोसाइट–पर्प्युराइट मालिका’ लिहावं आणि निर्धास्त राहावं. फक्त नाव पक्कं करायला प्रोबवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

तुमच्या दगडाची मात्र घरी एक साधी परीक्षा करता येईल, आणि ती मी नक्की करायला सांगेन. बाथरूमच्या टाइलची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या. दगडाचा न दिसणारा कोपरा तिच्यावर जरा दाबून ओढा. हेटेरोसाइट किंवा पर्प्युराइट असेल तर रेघ जांभळट-लाल उठेल आणि बोटाने पुसली की भुकटी त्याच रंगाची दिसेल. ॲमेथिस्ट, फ्लुओराइट, लेपिडोलाइट, चारोआइट, सुगिलाइट या सगळ्या जांभळ्या मंडळींचा कस पांढरा किंवा जवळजवळ पांढरा असतो. ॲमेथिस्ट तर टाइललाच चरा पाडेल. पांढऱ्या दगडाला रंग चढवून विकलेला माल असेल तर ओल्या कापसाला ॲसिटोन लावून घासा. रंग कापसावर येतो आणि फुटीच्या जागी आतून पांढरं दिसतं. वजनाचाही उपयोग होतो. ॲमेथिस्टचं वि. गु. २.६५, चारोआइट आणि सुगिलाइट त्याच आसपास, लेपिडोलाइट २.८–२.९. तुमचा दगड हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागायला हवा. फ्लुओराइट ३.१८ असल्यामुळे वजनाने चकवतं, पण ते पारदर्शक असतं, चारही तिरक्या दिशांना फुटतं आणि कस पांढरा देतं.

नामिबियातला माल बारकाईने पाहिला की ॲसिडची खूणही कळते. हा दगड उसाकोस गावाजवळच्या सांडामाब भागातल्या पेग्माटाइटमधून येतो, आणि खाणीतून निघतो तेव्हा बाहेरून काळा-तपकिरी असतो. विक्रेते तो ॲसिडमध्ये बुडवतात, वरची मँगनीज ऑक्साइडची साल जाते आणि खालचा जांभळा उजळ होतो. ॲसिड लावलेल्या पृष्ठावर रंग सगळीकडे सारखा, मखमली असतो. खोलगट फटींत मात्र काळी साल राहून गेलेली दिसते, आणि उंच कडा किंचित विरघळून गोल झालेल्या असतात. त्याच दगडाची नवी फूट पाहिली तर रंग जरा काळपट, साटिनची चमक जास्त, आणि मधूनच तपकिरी पट्टे, म्हणजे अर्धवट बदललेला भाग. याला मी फसवणूक म्हणणार नाही. रंग बाहेरून घातलेला नसतो, वरचा थर काढलेला असतो. विकताना तसं सांगायला मात्र हवं.

काही जण घरी हाच प्रयोग करू पाहतात, म्हणून सांगून ठेवतो. मँगनीज ऑक्साइडवर हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलं की क्लोरीन वायू सुटतो. संडास धुवायचं ॲसिडही तेच. बंद मोरीत हा उद्योग करू नये. शिवाय ॲसिड साल खाता खाता दगडही खातं.

आता हे खनिज कुठे आणि का मिळतं ते पाहू. ग्रॅनाइटचा शिलारस थंड होत जातो तसतसा ज्या मूलद्रव्यांना नेहमीच्या खनिजांत जागा मिळत नाही ती उरलेल्या द्रवात साठत जातात: लिथियम, बेरिलियम, बोरॉन, टँटलम, फॉस्फरस, आणि पाणी. हा शेवटचा द्रव खडकाच्या भेगांत शिरून जाड्याभरड्या स्फटिकांचा पेग्माटाइट बनतो. त्या प्रवासात लोह आधी खर्ची पडतं, कारण काळं अभ्रक, टुर्मलीन, गार्नेट लोहाला ओढून घेतात. मँगनीज त्या मानाने मागे उरतं. म्हणून ग्रॅनाइटच्या जवळच्या, कमी विकसित पेग्माटाइटमध्ये ट्रायफिलाइट, आणि दूरच्या, जास्त विकसित पेग्माटाइटमध्ये लिथियोफिलाइट. क्षेत्रात काम करणारा भूवैज्ञानिक फॉस्फेटमधल्या लोह-मँगनीजच्या गुणोत्तरावरून लिथियम-टँटलमच्या दिशेने जातोय की उलट, हे ताडतो. खऱ्या अर्थाने मँगनीजप्रधान पर्प्युराइट दुर्मीळ का, तेही यातच आलं. मूळ खनिज मँगनीजप्रधान हवं आणि ऑक्सिडीकरणही शेवटपर्यंत जायला हवं, दोन्ही जमून यावं लागतं.

अशा पेग्माटाइटचे प्रदेश जगभर विखुरलेत. नामिबियाचं नाव आलंच. अमेरिकेत कनेक्टिकटमधलं ब्रँचव्हिल हे लिथियोफिलाइटचं मूळ ठिकाण. ब्रश आणि डेना यांनी १८७८ मध्ये तिथल्या एकाच शिरेतून मँगनीजची नवी फॉस्फेटं एकामागून एक वर्णिली: इओस्फोराइट, ट्रिप्लॉइडाइट, डिकिन्सनाइट, रेडिंगाइट. साउथ डकोटातला ब्लॅक हिल्स, न्यू हँपशरमधली पालेर्मो खाण, कॅलिफोर्नियातलं पाला, जर्मनीत बव्हेरियातलं हागेनडॉर्फ, पोर्तुगालचा मांगुआल्दे भाग, ब्राझीलमधल्या मिनास जेराइसमधलं गालिलेया. खनिजसंग्राहकांना ही नावं पाठ असतात, कारण मूळ फॉस्फेट एकदा हाताशी असलं की पाणी, तापमान आणि ऑक्सिजन यांच्या फरकाने त्यातून डझनावारी दुय्यम फॉस्फेटं निघतात.

तर मग तुमसर. इथे जरा थांबून सांगावं लागेल, कारण ‘मँगनीज आहे, फॉस्फरस आहे, म्हणजे मँगनीज फॉस्फेट असणार’ ही समजूत मी पुष्कळ शिकलेल्या माणसांकडूनही ऐकली आहे.

नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यातलं मँगनीज सौसर गट नावाच्या खडकसमूहात आहे. ते समुद्रतळावर गाळाच्या रूपाने साचलं, मग उष्णता आणि दाबाने पालटलं. तिथली धातुकं ब्रॉनाइट, बिक्सबाइट, हॉलंडाइट, हाउसमनाइट, जॅकोबसाइट, आणि वरच्या भागात पायरोल्युसाइट, क्रिप्टोमिलेन. थोडक्यात ऑक्साइड आणि सिलिकेट. सोबतचा गोंडाइट हा खडक स्पेसार्टिन (मँगनीजचं) गार्नेट आणि क्वार्ट्झ यांचा. गोंड लोकांवरून त्याला हे नाव देणारे लुईस फर्मर यांनी भारतातल्या मँगनीजवरचा आपला मोठा ग्रंथ १९०९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातर्फे छापला. शंभर वर्षांहून जुना असूनही या पट्ट्यात काम करणाऱ्याला तो आजही उघडावा लागतो.

या खडकांत फॉस्फरस आहे, अहवालात दिसतो तो खोटा नाही. पोलादात फॉस्फरस गेला तर पोलाद थंडीत ठिसूळ होतं, म्हणून खरेदीदार त्याच्यावर डोळा ठेवून असतात आणि धातुकाच्या भावावर त्याचा परिणाम होतो. पण तो फॉस्फरस बसलेला असतो मुख्यतः ॲपटाइटमध्ये, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटमध्ये. खडकात कॅल्शियम उपलब्ध असेल तर फॉस्फरस बहुतेक सगळा त्याच्याकडे जातो, मँगनीजच्या वाट्याला काही उरत नाही. सौसर गटात संगमरवर आणि चुनखडकी सिलिकेट खडकांचे थर मँगनीजच्या शेजारीच आहेत. कॅल्शियमची वाण नाही. आंध्रात विजयनगरमकडे कोडूरच्या मँगनीजमध्ये फॉस्फरस आणखी जास्त असतो, आणि तोही तिथल्या कोडुराइट खडकातल्या ॲपटाइटचाच. दक्षिण गोव्यातलं जांभ्याशी जोडलेलं मँगनीजही ऑक्साइडचंच.

उलट लिथियमवाल्या पेग्माटाइटच्या द्रवात कॅल्शियम इतकं कमी असतं की फॉस्फरसला दुसरा जोडीदार शोधावा लागतो. ॲल्युमिनियम-लिथियमसोबत गेला तर ॲम्ब्लिगोनाइट, लोह-मँगनीज-लिथियमसोबत गेला तर ट्रायफिलाइट-लिथियोफिलाइट. गंमत अशी की अशा पेग्माटाइटमध्ये एकूण मँगनीज चिखल्याच्या मानाने चिमूटभर असतं. मँगनीज फॉस्फेट सापडायला मँगनीजची खाण असावी लागत नाही, किंबहुना मँगनीजच्या खाणीत ते शोधूच नये.

तुमसर-रामटेकच्या बाजूला मँगनीजच्या थरांना छेदून जाणाऱ्या पेग्माटाइटच्या शिराही दिसतात, त्यामुळे कुणी तोही मुद्दा काढेल. त्या साध्या क्वार्ट्झ-फेल्स्पारच्या शिरा आहेत, आजूबाजूच्या खडकांतून मँगनीज उचलून त्यांत कधी गुलाबी-जांभळट खनिजं येतात इतकंच. या भागात जांभळट काही दिसलंच तर आधी ब्लॅनफोर्डाइट आठवावं. ते मँगनीज असलेलं सोडियमचं पायरॉक्सीन आहे, नागपूर जिल्ह्यातल्या कचारवाहीतून फर्मर यांनीच वर्णिलेलं. लालसर असेल तर पिमोन्टाइट, म्हणजे त्रिसंयुजी मँगनीजचं एपिडोट. गुलाबी असेल तर ऱ्होडोनाइट. तिन्ही सिलिकेट आहेत आणि पर्प्युराइटपेक्षा कठीण. संग्राहकाच्या नजरेने पाहिलं तर नामिबियाचा दगड हेवा करण्याजोगा नाही, कारण कचारवाहीचं ब्लॅनफोर्डाइट जगात फार थोड्या ठिकाणी मिळतं आणि ते तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातलं आहे.

भारतात फॉस्फेट पेग्माटाइट शोधायचेच असतील तर दिशा वेगळी. छत्तीसगडच्या बस्तर भागात कटेकल्याण-गोविंदपालच्या बाजूला कथिलाचं कॅसिटेराइट, लेपिडोलाइट आणि ॲम्ब्लिगोनाइट असलेले पेग्माटाइट आहेत. लिथियम आणि फॉस्फरस तिथे एकत्र आले याची ती खूण. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या मरलगल्ला-अल्लापटना पट्ट्यात स्पोड्यूमीन हे लिथियमचं खनिज आहे. झारखंड-बिहारचा अभ्रक पट्टा, कोडरमा-गिरिडीहपासून गयेच्या बाजूपर्यंत, जुनाच प्रसिद्ध. तिथून ट्रिप्लाइट हे आणखी एक मँगनीज-लोह फॉस्फेट नोंदलेलं आहे. त्यात लिथियम नसतं, फ्लोरीन असतं, रंग तपकिरी ते काळपट आणि चमक राळेसारखी. खाणकामगार ते काळा दगड म्हणून फेकून देतात यात नवल नाही. रियासीच्या लिथियमची २०२३ मधली बातमी वाचून बरेच जण पेग्माटाइटबद्दल विचारतात. रियासीचं लिथियम पेग्माटाइटमधलं नाही, बॉक्साइटी-चिकणमातीच्या थरांतलं आहे. तिथे ही फॉस्फेटं शोधायला जाऊ नये.

लिथियमचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. ट्रायफिलाइटच्या रचनेचं लिथियम आयर्न फॉस्फेट कारखान्यात बनवतात आणि ते आज इलेक्ट्रिक गाड्यांच्या, सौर साठवणुकीच्या बॅटऱ्यांत कॅथोड, म्हणजे धन टोक, म्हणून जातं. बाजारात त्याला एलएफपी म्हणतात. अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला, १९९७ मध्ये हा पदार्थ कॅथोड म्हणून दाखवला. चार्जिंग म्हणजे या ट्रायफिलाइटमधून लिथियम बाहेर काढणं. एलएफपी सेल पूर्ण चार्ज झाला की कॅथोडवर जे उरतं त्याची रचना हेटेरोसाइटची. लिथियम गेल्यावर स्फटिकाचं आकारमान सुमारे ७ टक्के घटतं, तरी सांगाडा मोडत नाही, आणि म्हणूनच तीच क्रिया हजारो वेळा पुढे-मागे करता येते. लोहातलं इलेक्ट्रॉन काढायला लिथियमच्या तुलनेत सुमारे ३.४ व्होल्ट लागतात, मँगनीजला सुमारे ४.१. पेग्माटाइटच्या गाठीत लोह आधी आणि मँगनीज नंतर बदलतं, ते याच फरकामुळे. सध्या लोहासोबत मँगनीज घालून एलएमएफपी नावाचे कॅथोड बनवतात, व्होल्टेज वाढवायला. त्यांतली मोठी अडचण हीच की त्रिसंयुजी मँगनीजभोवतीचे अष्टफलक वेडेवाकडे ताणले जातात आणि पदार्थ लोहाइतका निमूटपणे वागत नाही. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइडही बॅटरीतच जातं, पण साध्या कोरड्या सेलमध्ये. तिथली रसायनं निराळी.

प्रश्नात नसलेलं पण तुमच्या जास्त जवळचं मँगनीज फॉस्फेट म्हणजे ह्यूरोलाइट. निसर्गात ते लिथियोफिलाइट-ट्रायफिलाइटवर कोमट पाण्याची क्रिया होऊन बनतं. लिथियम जातं, पाणी आत येतं, पण मँगनीज द्विसंयुजीच राहतं. म्हणून रंग गुलाबी, नारिंगी, मधाळ. स्फटिक एकनताक्ष, म्हणजे एक अक्ष तिरका असलेले, कठिनता साडेतीन, वि. गु. ३.२ च्या जवळ. ब्राझीलच्या गालिलेयाजवळच्या सिगाना खाणीतले त्याचे स्फटिक फार देखणे असतात. आणि पुण्या-संभाजीनगरकडे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्यांकडे ज्याला ‘मँगनीज फॉस्फेटिंग’ म्हणतात, त्या गिअरवरच्या, पिस्टन रिंगवरच्या थरात मुख्य स्फटिक याच ह्यूरोलाइटचे असतात. सुमारे ९५ अंशांच्या फॉस्फोरिक ॲसिड आणि मँगनीजच्या द्रावणात लोखंडी भाग बुडवतात. ॲसिड लोखंडाचा पृष्ठभाग किंचित खातं, तेवढ्या जागेपुरती आम्लता घटते, आणि विरघळलेलं फॉस्फेट तिथेच स्फटिक होऊन बसतं. लोखंडातलं थोडं लोहही त्यात शिरतं. थर गडद करडा दिसतो, गुलाबी छटा कुठे नावाला नसते, आणि स्फटिकांमधल्या फटींत तेल धरून ठेवणं हे त्याचं काम. सूक्ष्मदर्शकाखाली असा गिअर पाहायला मिळाला तर एकमेकांत अडकलेले जाडसर स्फटिक स्पष्ट दिसतात.